समुद्राचं मीठ आणि आपलं रान

(इस्लामपूर इथं महासंघाच्या मासिक सभेत एका सभासद ताईंनी केलेलं हे भाषण. ताईंनी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागणी केली, म्हणून ते इथं छापत आहोत.)



हप्ते झाले, कर्जमागणी झाली, चहासुद्धा झाला. आता अर्धा तास माझा. समुद्राच्या पाण्यावर बोलणार म्हटल्यावर आपल्या सचिवताई म्हणाल्या, "अहो बाई, आपल्याकडं कृष्णा हाय, वारणा हाय. समुद्र कुठला आणलाय मधीच?" तर समुद्र मी आणलेला नाही. तो आमच्या गटातल्या एका काकींनी आणलाय.

गेल्या हिवाळ्यात आमचा गट सहलीला गेला होता. आंबा घाट उतरलो, गणपतीपुळ्याचं दर्शन घेतलं आणि किनाऱ्यावर गेलो. निम्म्या बायकांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. काकींनी ओंजळीत पाणी घेतलं, देवाचं नाव घेऊन तोंडाला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं. मग मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवत हुता. मला सांगा, एवढ्या नद्या ह्यात गोड पाणी वतत्यात, मग ह्यो खारट कसा? आन् ह्या खारट पाण्यात मासं जगत्यात, मग माझ्या रानात नुसतं मीठ फुटलं तर ऊस का जळतो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी शाळेत शंभरदा सांगितलंय. पण दुसरा प्रश्न काळजाला लागला, कारण नदीकडचं आमचं तीस गुंठे रान असंच मिठानं गेलंय, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेलंय. परतीच्या गाडीत रात्रभर तेच डोक्यात होतं. काकींनी समुद्र आणि रान एका दमात विचारलं, ते बरोबरच होतं. दोन्हीकडचा नियम एकच आहे. तोच आज सांगते.

घागरभर समुद्र

आधी माप बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे पंधरा लिटरची घागर समुद्रात भरून आणली आणि सगळं पाणी आटवलं, तर तळाला अर्ध्या किलोहून थोडं जास्त मीठ राहील. तीच घागर कृष्णेत भरून आटवली, तर फार तर चमचाभराच्या आतबाहेर पांढरी पूड राहील. तुमच्या पाणी तापवायच्या हंड्याला आतून जो पांढरा थर चढतो ना, तीच ती.

समुद्राच्या मिठात शंभरातले ८५ भाग आपल्या जेवणातलं मीठ असतं, म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हे येतात. समुद्राचं पाणी खारट लागतं तसं थोडं कडवटही लागतं, ते मॅग्नेशियममुळं.

आणखी एक गंमत. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या जहाजानं जगभरचे समुद्र फिरून पाण्याचे नमुने आणले. त्यातले ७७ नमुने तपासले, तेव्हा दिसलं की मीठ कुठं जास्त, कुठं कमी असतं. पण त्या मिठातलं एकमेकांचं प्रमाण सगळीकडं जवळजवळ सारखंच असतं. एकाच डब्यातला मसाला. कुणाच्या आमटीत चमचाभर पडला, कुणाच्या दोन चमचे. मसाला तोच.

मीठ आलं कुठून?

पावसाचं पाणी अगदी निव्वळ नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साईड त्यात विरघळतो आणि ते किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पडतं आणि खडकातले क्षार कणाकणानं विरघळवून नदीत आणतं. कृष्णा महाबळेश्वरला निघते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. पण आपली नदी तिकडं पाठ फिरवते. कऱ्हाडात कोयनेला भेटते, बहे-बोरगावावरून सांगलीकडं जाते, आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून हंसलदिवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास. वाटेतलं थोडं थोडं मीठ ती घेऊन जाते.

समुद्रात गेल्यावर काय होतं? ऊन पडतं, पाण्याची वाफ होते आणि वर जाते. मीठ काही वर जात नाही. ते खालीच राहतं. वाफेचा ढग होतो, ढगाचा पाऊस होतो आणि तो गोड पाऊस पुन्हा डोंगरावर पडून पुन्हा थोडं मीठ खाली आणतो. पाणी येतं आणि जातं. मीठ येतं आणि राहतं. कोट्यवधी वर्षं हे चाललंय. समुद्राच्या तळातल्या ज्वालामुखींमधूनही त्यात भर पडते.

समुद्राच्या पुढं उतार नाही. तिथून पाणी वाहून जायला जागा नाही. एकच वाट, ती म्हणजे वर. म्हणून मी म्हणते, समुद्र म्हणजे निचरा नसलेलं सगळ्यात शेवटचं रान. हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग समुद्र आणखी खारट का होत जात नाही? कारण मिठाला खाली बसायच्याही वाटा आहेत. काही क्षार तळाच्या गाळात बसतात. आपल्या काळ्या खडकातून नद्या कॅल्शियम नेतात, ते कालवं आणि शिंपले आपल्या कवचासाठी ओढून घेतात. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे. डोंगरातला दगड नदीवाटे समुद्रात गेला, शिंपल्याच्या अंगावर बसला आणि चुना होऊन भिंतीला लागला. कुठलीच गोष्ट वाया जात नाही.

जड पाणी, हलकं पाणी

आता हे दोन काचेचे पेले बघा. एकात चांगलं मीठ विरघळवलेलं पाणी आहे. दुसऱ्यात साधं पाणी, त्यात जिलेबीचा रंग टाकलाय. रंगीत पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच मिठाच्या पाण्यावर सोडते. बघा, मिसळलं नाही. साईसारखं वर थांबलंय. घरी पोरांना करून दाखवा.

मिठाचं पाणी जड असतं. साध्या पाण्याचा लिटर एक किलोचा, तर समुद्राचा सुमारे २५ ग्रॅमनं जास्त. शिराळ्याकडच्या बायकांना हे ठाऊक आहे. भाताचं बी पेरायच्या आधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून त्यात बी बुडवतात. पोकळ दाणं वर येतात, भरलेले तळाला जातात. ते तीन टक्क्यांचं पाणी म्हणजे जवळजवळ समुद्राचंच पाणी.

एवढ्याशा फरकानं समुद्रात काय काय होतं ते ऐका.

एक. खारट पाणी अंगाला उचलून धरतं. त्यामुळं समुद्रातल्या जिवाला आपलं वजन पेलायला दणकट पाय लागत नाहीत. जेलीफिशला तर हाडच नसतं. आणि निळा देवमासा, जगातला सगळ्यात मोठा प्राणी, पाण्याच्या आधारावरच एवढा वाढू शकला. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा जिवंत वाहून आला होता. लांबी चाळीस फुटांच्या वर. वनखात्याच्या माणसांनी आणि गावकऱ्यांनी त्याला परत लोटायची खूप धडपड केली. वाचला नाही. अशा देवमाशाच्या अंगाखालचा पाण्याचा आधार गेला की त्याचं वजनच त्याचा जीव घेतं.

दोन. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी आणि आपली कृष्णा गोड पाणी ओततात. ते हलकं, म्हणून या पेल्यासारखं वर तरंगतं. उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या थरात लिटरमागं ३० ग्रॅमपेक्षाही कमी मीठ असतं. अरबी समुद्रात मोठ्या नद्या कमी आणि वाफ होऊन जाणारं पाणी जास्त, म्हणून तिथं ३६ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही समुद्र एकाच देशाच्या दोन बाजूंना, पण स्वभाव निराळा.

तीन. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जड. साधं पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं. समुद्राच्या पाण्याचं तसं नाही. ते गोठेपर्यंत जड होतच जातं, आणि गोठतंही शून्याच्या खाली, उणे दोनच्या जरा अलीकडं. ध्रुवाजवळ बर्फ होताना मीठ बर्फात शिरत नाही, बाहेर पडतं. त्यानं शेजारचं गार पाणी आणखी खारट आणि आणखी जड होतं, तळाला जातं आणि हळूहळू जगभरच्या समुद्रांच्या तळाशी पसरतं. जाताना हवेतला प्राणवायू घेऊन जातं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घामाच्या धारा लागतात, पण त्याच समुद्रात खूप आत, काही किलोमीटर खोल पाणी फ्रिजमधल्या पाण्याएवढं गार असतं. ही सगळी फेरी पुरी व्हायला हजार वर्षांच्या आसपास लागतात.

खत खाली, ऊन वर

समुद्राचीही शेती असते. तिथलं पीक म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती. त्यांना प्लवक म्हणतात. ते बारीक जीव खातात, त्यांना तारली-बांगडा खातो, त्याला सुरमई खाते, आणि सुरमई परवडली तर आपण खातो. नाहीतर सुकट-बोंबील आहेतच. जगात दरवर्षी झाडं-वनस्पती जेवढा प्राणवायू तयार करतात, त्यातला निम्म्याच्या आसपास हे समुद्रातले बारीक जीव करतात.

पिकाला काय लागतं? ऊन आणि खत, नत्र आणि स्फुरद. समुद्रात ऊन फक्त वरच्या दोनशे मीटरपर्यंत कामाचं असतं. पाणी आधी तांबडा रंग गिळतं, निळा सगळ्यात खोल जातो. म्हणून समुद्र निळा दिसतो. आणि खत? मेलेले जीव, घाण, सगळं तळाला जातं. म्हणजे ऊन छपरावर आणि खत तळघरात. जिथं खालचं पाणी वर येतं, तिथंच पीक येतं.

पावसाळ्यातला वारा हे काम करतो. केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत तो वरचं पाणी आत समुद्राकडं ढकलतो आणि त्या जागी खालचं गार, खताचं पाणी वर येतं. प्लवक वाढतात आणि मागोमाग मासळी. जून-जुलैत आपल्या राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याचं एक कारण खवळलेला समुद्र आणि दुसरं म्हणजे माशांना वाढायला, अंडी घालायला मिळालेली उसंत. आपण पाडसाला दूध पिऊ देतो, मग धार काढतो, तसंच ते.

बंगालच्या उपसागरावर मात्र गोड पाण्याचं झाकण आहे. ते हलकं असल्यामुळं खालचं पाणी वर यायला अडचण होते. म्हणून तिथली समुद्रातली शेती अरबी समुद्राएवढी भरघोस नसते.

पण अरबी समुद्रालाही एक दुखणं आहे. साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीवर त्याच्या पोटात प्राणवायू अतिशय कमी असतो. जगातल्या अशा मोठ्या पट्ट्यांपैकी तो एक आहे. वर पीक भरपूर, म्हणून मेलेलं खाली पडतंही भरपूर, आणि ते कुजताना प्राणवायू संपतो. जास्त शेण टाकलेल्या डबक्यात मासा का मरतो, तेच मोठ्या मापात. आपल्या रानातला जादा युरियासुद्धा शेवटी ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्राकडंच जातो, हे विसरू नका.

या सगळ्याचा अभ्यास करायला गोव्यात दोनापावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली सुरू झालेली. आणि हैदराबादची एक सरकारी संस्था उपग्रहानं पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मच्छीमारांना मासळी कुठं सापडेल ते कळवते. आपल्या मोबाईलवर हवामानाचा निरोप येतो, तसा त्यांना समुद्राचा येतो.

तवा आणि हंडा

भाकरीचा तवा दोन मिनिटांत तापतो. हंडाभर पाणी तापायला लाकडाचा भारा लागतो. पण तवा लगेच निवतो आणि हंडा कितीतरी वेळ गरम राहतो. जमीन म्हणजे तवा, समुद्र म्हणजे हंडा.

मे महिन्यात आपल्याकडची जमीन तापून लाल होते. समुद्र तेवढा तापत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. मृग लागला की आपण आभाळाकडं बघतो, ते याचीच वाट बघत. अरबी समुद्रावरून आणि त्याच्याही पलीकडच्या हिंदी महासागरावरून हे पाणी येतं, सह्याद्रीला आडवतं, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात कोसळतं. म्हणजे आपल्या हंड्यातलं पाणी पश्चिमेच्या समुद्रातून वाऱ्यानं फुकट वाहून आणलेलं आणि मीठ गाळून दिलेलं. ते शेवटी जातं पूर्वेच्या समुद्रात.

आता काळजीची गोष्ट. माणसानं कोळसा-तेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठवली, तिच्या शंभरातले नव्वदहून जास्त भाग समुद्रानं पोटात घेतले. हंड्यानं सोसलं म्हणून आपण वाचलो. पण हंडाही तापतोय. वादळाचं बळ गरम पाण्यातून येतं. पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. वाफेचा ढग होताना ती सगळी उष्णता परत सुटते आणि वादळाला मिळते. पूर्वी बंगालच्या उपसागरात वादळं जास्त आणि अरबी समुद्रात कमी, असा हिशोब होता. आता अरबी समुद्रही तापलाय. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' कोकण झोडपत गुजरातकडं गेलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

२०१९ आणि २०२१ चा महापूर आपण अंगावर घेतलाय. पुराला एकटा समुद्र कारण नसतो, त्यात धरणांचं पाणी आणि नदीकाठची भर घालणंही येतं. पण हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणजे कोसळायला लागला की जास्त कोसळतो. समुद्र लांब आहे म्हणून आपला संबंध नाही, असं आता कुणी म्हणू नये.

लोणच्याची बरणी

आता काकींचा दुसरा प्रश्न. खारट पाण्यात मासा जगतो कसा?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी पाणी सुटलेलं असतं. जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. फोडीचं पातळ साल पाणी जाऊ देतं, मीठ अडवतं. बोंबील-बांगडा खारवतात तेव्हाही हेच होतं.

समुद्रातला मासा म्हणजे मिठात घातलेली जिवंत फोड. त्याच्या अंगातलं मीठ बाहेरच्या समुद्राच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. पाण्यात राहून तो तहानलेला. मग तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यासाठी रोज ताकद खर्च करतो. नदीतल्या माशाचं उलटं. त्याच्या अंगात बाहेरचं पाणी शिरतं, म्हणून तो पाणी पीत नाही, उलट भरपूर लघवी करतो. माणसाच्या मूत्रपिंडाला समुद्राएवढं खारट पाणी बाहेर टाकता येत नाही. म्हणून समुद्राचं पाणी प्यायलेला माणूस तहानेनंच जातो.

मुशीचा, म्हणजे शार्कचा, उपाय वेगळा. ती आपल्या अंगात युरिया साठवून ठेवते, त्यामुळं आतलं-बाहेरचं जवळजवळ बरोबरीचं होतं. मुशी शिळी झाली की तिचा उग्र वास येतो, तो त्या युरियाचा अमोनिया झाल्यामुळं. कोकणातल्या बाया ती का धुऊन धुऊन घेतात, ते आता कळलं.

आणि झाडं? खाडीच्या चिखलात कांदळवन असतं. तिथलं तिवराचं झाड मुळाशीच बरंचसं मीठ अडवतं आणि आत आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पानावर जीभ लावली तर खारट लागते. चिखलात हवा नाही, म्हणून मुळं जमिनीवर काढून श्वास घेतं. हे झाड शिकायला फार फार वर्षं लागली असतील, उसाला ते येत नाही.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून हे कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हातात. तिवर कुठलं, पक्षी कुठला, खेकडा कुठं राहतो, हे त्याच सांगतात. आपल्यासारखाच गट. फरक एवढाच की त्यांनी खारट चिखलाची माहिती हेच भांडवल केलं. शक्य झालं तर पुढची सहल तिकडं काढू.

आता आपल्या रानाकडं

आमचं तीस गुंठे रान भारी काळं. उपसा योजनेचं पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. पाणी फुकट असल्यासारखं सोडलं. रात्री मोटार चालू केली की सकाळीच बंद. सासूबाई म्हणायच्या, "रानाला दम खाऊ द्या गं, नुसतं पाणी पाजून जनावर बी फुगतं." मी विज्ञान शिकवणारी, पण त्यांचं ऐकलं नाही.

चार-पाच वर्षांत उसाची वाढ खुंटली. कांड्या आखूड झाल्या, पानांची टोकं करपली. मग एका उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा थर दिसला. रान मिठानं फुटलं. हरभरा टोकला, तो उगवलाच नाही.

काय झालं होतं? आम्ही घातलेलं जादा पाणी खाली साचलं, कारण निघून जायला वाट नव्हती. साचलेल्या पाण्यानं जमिनीतले क्षार विरघळवले. मग दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं ते पाणी वर चढलं. उन्हानं पाणी गेलं, मीठ राहिलं. पाणी येतं आणि जातं, मीठ येतं आणि राहतं. मघाशी समुद्राचं सांगितलं, तेच. आम्ही आमच्या रानाचा लहानसा समुद्र केला. आणि बाहेर मीठ जास्त झालं की मुळाला पाणी ओढता येत नाही, ओल असून पीक तहानलेलं राहतं. माशाला कल्ले आहेत, तिवराला तशी पानं आहेत, उसाला काहीच नाही. काकी, हे तुमचं उत्तर.

आम्ही काय केलं ते सांगते. पाटपाणी बंद करून ठिबक केलं. धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला, शेणखत वाढवलं. कडेचा बुजलेला चर उकरला. साधारण निम्मं रान परत आलंय. उरलेल्याला जमिनीखालून छिद्रांचे पाईप टाकायला लागतील, मीटर-सव्वा मीटर खोल. त्याला शेजाऱ्यांची साथ लागते, कारण पाणी कुणाच्या तरी बांधावरूनच ओढ्याला जाणार. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या कामाची माहिती मिळते.

आणि एक खरं बोलते. चरातून निघालेलं ते मीठ ओढ्यानं नदीत जातं आणि खालच्या गावाच्या वाट्याला येतं. म्हणून निचरा हा दुसरा उपाय. पाणी बेतानं देणं हा पहिला.

एवढं करा

तीन कामं सांगते. प्रत्येक गटानं आपल्या सभासदांच्या रानातली माती आणि विहीर-बोअरचं पाणी तपासून घ्यावं. मृदा आरोग्य पत्रिकेवर 'विद्युत वाहकता' असा आकडा असतो, तो क्षारांचा. दरवर्षी तो वाढतोय का, हे वहीत लिहून ठेवा. आपण बचतीची वही ठेवतो, तशी मातीचीही ठेवू.

दुसरं, जिथं रान फुटायला लागलंय तिथल्या बांधाशेजारच्या बायकांनी एकत्र बसावं. चराचा विषय गड्यांनी काढला की बांधाचं भांडण निघतं. आपण काढून बघू. कर्जाची हमी एकमेकींना देतो, मग पाण्याला वाट का देऊ नये?

तिसरं, घरच्या पोरांना हे दोन पेले करून दाखवा. मीठ, पाणी आणि जिलेबीचा रंग. पाच रुपयांत होतं.

सासूबाई आता नाहीत. परवा रानात गेले होते, जिथं पांढरा थर होता तिथं पुन्हा हरभरा टोकलाय. सगळा नाही, पण ओळीत बऱ्याच जागी उगवलाय. काकींना बोलावून दाखवला. त्या वाकून बघत म्हणाल्या, "बाई, समुद्र जरा मागं सरला म्हणायचा."

पुढच्या सभेला मातीचा अहवाल घेऊन या.